‘द ट्रायपॉड्स’ : पुस्तकातली टोपी आणि पडद्यावरची टोपी

तळटीप (धागाकर्ता)

जॉन ख्रिस्तोफर यांची ‘ट्रायपॉड्स’ त्रयी परत एकदा वाचून काढली आणि लगोलग बीबीसीची मालिकाही संपवली. दोन्ही डोक्यात एकमेकांत अडकून बसलंय, ते इथे सोडवतो. रहस्यभेद भरपूर आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

‘द व्हाइट माउंटन्स’ आणि ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ ही पहिली दोन पुस्तकं १९६७ची, तिसरं ‘द पूल ऑफ फायर’ १९६८चं. मालिका बीबीसी वनवर सप्टेंबर १९८४ ते नोव्हेंबर १९८५ या काळात दोन पर्वांत आली. पहिल्या पर्वाचे १३ भाग, दुसऱ्याचे १२.

परग्रहावरच्या जीवांनी पृथ्वी जिंकून बराच काळ लोटलाय. तीन पायांची अजस्र यंत्रं गावोगाव फिरतात आणि माणसं पुन्हा घोडागाडीच्या युगात गेलीत. मूल चौदा वर्षांचं झालं की ट्रायपॉड येतो, सोंडेने उचलून पोटात घेतो आणि टाळूच्या कातडीत बसवलेली धातूची जाळी, म्हणजे ‘कॅप’, घालून परत खाली ठेवतो. त्यानंतर त्या माणसाला ट्रायपॉडबद्दल कधी काही प्रश्न पडत नाही. त्या दिवशी गावात मेजवानी झडते. विल पार्कर हा तेरा वर्षांचा इंग्लिश मुलगा, त्याचा न पटणारा चुलतभाऊ हेन्री आणि फ्रान्समध्ये भेटलेला झाँ-पॉल असे तिघं टोपी चुकवून आल्प्सकडे पळतात, कारण तिथे काही मोकळी डोकी शिल्लक आहेत असं त्यांना कळलंय.

आता माझी तक्रार. पुस्तकात ट्रायपॉडला पोलीस लागत नाहीत. सगळी भीती तिथेच आहे. विलला पकडू पाहणारी माणसं दुष्ट नसतात. त्याचे आईबाप, गावकरी, सरायवाला, सगळे बरे लोक. ते त्याला परत आणतील ते त्याच्या भल्यासाठी. मालिकेने मात्र ‘ब्लॅक गार्ड्स’ नावाचे काळ्या गणवेशातले शिपाई घुसवले. दमदाटी करणारे, झडत्या घेणारे. अहो, टोपी काम करते ना? मग शिपाई कशाला? आणि शिपाई लागत असतील तर टोपी कच्ची आहे. दोन्हीपैकी एकच काहीतरी खरं असणार.

ते शिपाई दिसले की माझी भीतीच जाते. गणवेशातला माणूस वाईट हे ओळखायला डोकं लागत नाही. जेवायला वाढणारी प्रेमळ बाई वाईट नाही आणि तरीही तिच्यापासून पळायचंय, हे पुस्तकाने मला तेराव्या वर्षी शिकवलं होतं.

---

शंकासुर

मराठीत ‘टोपी घालणे’ हा वाक्प्रचार आहे हे ख्रिस्तोफर साहेबांना कुणीतरी कळवायला हवं होतं. 😄 अख्ख्या मानवजातीला टोपी घातली, शब्दशः.

बाकी ते तिपाईसारखं यंत्र डोक्यावरच का काम करतं, याला आपल्याकडे जुना दाखला आहे. तिसरं पाऊल कुठे ठेवू? ठेव माझ्या डोक्यावर. असो.

मूळ मुद्द्यावर एक शंका. मालिकेत टोपीचं वय सोळा केलंय ना? चौदाचं सोळा केल्याने काय बिघडलं?

---

तळटीप

@शंकासुर, हो, सोळा. नट तेवढे मोठे दिसतात, म्हणून केलं असावं असा माझा अंदाज. पण बिघडतं. तेरा वर्षांचा मुलगा घर सोडतो तेव्हा त्याच्याकडे विचारसरणी वगैरे काही नसते. त्याच्या जिवलग मित्राला, जॅकला, टोपी बसते. आदल्या दिवसापर्यंत जॅक त्याच्यासोबत हजार शंका काढत असतो. दुसऱ्या दिवशी भेटतो तो हसतमुख, समजूतदार, आणि बोलायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही. विलला एवढंच कळतं की मित्र गेला. सोळाव्या वर्षी हेच बंडखोरीसारखं दिसायला लागतं. तेराव्या वर्षी ते नुसतं पोरकेपण असतं.

---

रानवाट

धागा आवडला, पण धागाकर्ते मालिकेवर फारच तुटून पडलेत. माझी बाजू मांडते.

मी मालिका आधी पाहिली, पुस्तक नंतर वाचलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे अजूनही मालिकेचाच ट्रायपॉड येतो. हिरव्यागार शेतांवरून तो चालत येतो तेव्हा घाई नसते. खाली माणसं टोप्या काढून... म्हणजे साध्या टोप्या काढून, आदराने उभी. वर केन फ्रीमन यांचं सिंथेसायझरचं संगीत. पुस्तक एका परिच्छेदात सांगतं ते इथे अंगावर येतं. आणि सुरुवातीला इंग्लंडमधलं खेडं आणि साल २०८९ असं लिहून येतं, मग समोर घोडे, कोंबड्या, जुने कपडे. भूतकाळ वाटत होता तो भविष्यकाळ निघतो. या एका पाटीचं मला कौतुक आहे.

द्राक्षमळ्याच्या भागांवर लोक तुटून पडतात, तुम्हीही पडाल म्हणून आधीच लिहिते. पुस्तकात विशो कुटुंब नाहीच. फ्रान्समध्ये पोरं एका मळ्यावर थांबतात, मादाम विशो आणि तिच्या मुली भेटतात, काम, जेवण, ओढाताण, असं काही भाग चालतं. कथानक जागचं हलत नाही, मान्य. पण पळणाऱ्या पोरांना ‘इथेच राहू या का’ असं वाटणं दाखवायला वेळ लागतो. पुस्तकात विल वाड्यात रमतो ते आपण पटकन वाचून टाकतो. मळ्यावर मला स्वतःला राहावंसं वाटलं.

---

कुंपणावरचा सरडा

द्राक्षमळ्याला कंटाळून मी चौथ्यांदा मालिका सोडली होती. शनिवारी संध्याकाळी बीबीसी वनवर पोरं ट्रायपॉड बघायला बसली असणार, आणि त्यांना दिसले काय, तर द्राक्षांचे घड. दीडशे-दोनशे पानांचं पुस्तक तेरा भागांत ताणलं की डिंक लागतोच.

आता दोघांचं भांडण ऐकत बसतो. चालू द्या.

---

तळटीप

@रानवाट, साल २०८९ची पाटी मलाही आवडली, ती दिली तुम्हाला. मळाही देऊन टाकतो. पण वाडा देणार नाही.

वाड्यातला तो प्रसंग आठवा. विल आजारी पडून ‘शातो द ला तूर रूज’ या सरदाराच्या वाड्यात अडकलाय. सरदारीणबाईंचा त्याच्यावर जीव जडलाय. मुलगी एलोईज डोक्याला नेहमी फेटा गुंडाळून असते. एकदा खेळता खेळता, मस्करीत, विल तो फेटा ओढतो आणि खाली चांदीसारखी जाळी चमकते. केस नुकते कुठे वाढायला लागलेत. ही इतकी हसरी, हुशार, खोडकर मुलगी. तिला टोपी आहे.

खरी मेख पुढे आहे. तिला टोपी आहे हे कळल्यावर विल पळत नाही. उलट त्याला वाटायला लागतं की टोपी घालून जर माणूस असा राहू शकतो, तर वाईट काय आहे? तो राहायचं ठरवतो! मग स्पर्धांच्या सोहळ्यात एलोईजची राणी म्हणून निवड होते, आणि ती आनंदाने येऊन सांगते की मी आता ट्रायपॉडच्या शहरात सेवेला जाणार. रडत नाही, लपवत नाही. आनंदाने. त्या आनंदाने विलचे डोळे उघडतात आणि पहाटे घोडा काढून तो निघतो.

हे सगळं विलच्या तोंडून येतं. पुस्तक प्रथमपुरुषी आहे, आणि सांगणारा विल आपली लाज लपवत नाही. मित्रांना सोडायला निघालो होतो, असं सरळ सांगतो. पडद्यावर जॉन शॅकली काम चांगलं करतो, पण विल आपल्याला बाहेरून दिसतो. बाहेरून बघितलं तर ही एका पोराची प्रेमकहाणी होते. आतून ती विकलं जाण्याची गोष्ट आहे.

---

मंदाकिनी

तळटीप, एलोईजच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण पुस्तकाची इतकी आरती चाललीय तर एक प्रश्न विचारते. या त्रयीत मुली कुठे आहेत?

डोंगरातल्या बंडखोरांत मुलींना काम नाही. शहरात गुलाम म्हणून जातात ते मुलगे. दुसऱ्या पुस्तकात विलला एलोईज पुन्हा भेटते ती ‘सौंदर्याच्या पिरॅमिड’मध्ये. मालक लोक, म्हणजे ते परग्रहावरचे जीव, सुंदर मुलींना मारून काचेमागे मांडून ठेवतात, आपण फुलपाखरं टाचणीला लावतो तशा. प्रसंग भयंकर आहे, मी तो विसरू शकत नाही. पण म्हणजे तीन पुस्तकांतली एकमेव लक्षात राहणारी मुलगी शेवटी शोभेची वस्तू झाली. मालकांनी केली ते ठीक, लेखकाने तरी दुसरं काय केलं?

मालिकेने मळ्यावरच्या मुली आणल्या, त्यांना बोलायला दिलं, त्यांचे स्वतःचे हट्ट दिले. ते थोडं गोडमिट्ट झालं असेल. पण १९८४ साली कुणाला तरी ही जागा रिकामी आहे हे दिसलं. रानवाटला माझं मत.

अवांतर : एलोईज झालेली शार्लट लाँग ही मुलगी पहिलं पर्व दाखवलं जात असतानाच, ऑक्टोबर १९८४ मध्ये, मोटार अपघातात गेली. दुसऱ्या पर्वात एलोईज थोडीशी दिसते ती दुसऱ्या अभिनेत्रीच्या रूपात. हे कळल्यापासून वाड्यातले भाग बघताना जीव गलबलतो.

---

तळटीप

@मंदाकिनी, याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘त्या काळची पुस्तकं तशीच असत’ हे उत्तर मला स्वतःलाच पुरत नाही. तेराव्या वर्षी मला हे दिसलंही नव्हतं.

---

चतुर्थांश

उशिरा आलो. सगळे पहिल्या पुस्तकातच अडकलेत, शहरात कुणी जातच नाही!

दुसरं पुस्तक माझ्या मते तिघांत श्रेष्ठ. विल, बंडखोरांतला त्यांचा साथी फ्रिट्झ आणि झाँ-पॉल खोट्या टोप्या घालून खेळांच्या स्पर्धेला जातात, कारण जिंकणाऱ्यांना शहरात नेतात. विल मुष्टियुद्धात जिंकतो, फ्रिट्झ धावण्यात. झाँ-पॉल हरतो. शेवग्याची शेंग नुसती उंच असून काय उपयोग. (हेन्रीने त्याच्या नावाचं ‘बीनपोल’ करून टाकलंय, त्याला मराठीत मी तरी शेवग्याची शेंगच म्हणतो.)

शहर घुमटाखाली. आत हवा हिरवी आणि विषारी, उष्मा भयानक, आणि गुरुत्वाकर्षण वाढवलेलं, म्हणजे पोरांना स्वतःचं वजनच पेलवत नाही. गुलाम मुखवटा लावून श्वास घेतात. तगडी पोरं दोनेक वर्षांत म्हातारी होतात, आणि झेपेनासं झालं की ‘सुखद सुटकेच्या जागी’ आपल्या पायांनी, आनंदाने, मरायला जातात. कोणी ढकलत नाही. तळटीप यांचा पोलीस न लागण्याचा मुद्दा इथे पुराव्यासकट सिद्ध होतो.

आणि तो मालक! विलचा मालक क्रूर नाही. एकटा आहे, माणसांची पुस्तकं वाचतो, विलला कुरवाळतो, त्याच्याशी गप्पा मारतो. फ्रिट्झचा मालक मारकुटा. विलला स्वतःच्या मालकाबद्दल काहीतरी ओलावा वाटायला लागतो, आणि त्याच गप्पांत मालक सहज सांगून टाकतो की यान येणार आहे, पृथ्वीची हवा आम्हाला हवी तशी करणार, मग माणसांची गरज नाही. चहा पिता पिता शेजारी सांगतो तसं. शेवटी त्याच्या हाती विलची टिपणं लागतात आणि विलला त्याला मारावं लागतं. कसं? नाक-तोंडाच्या मधल्या नाजूक जागी एक ठोसा. मुष्टियुद्ध उगाच नव्हतं.

मालिकेने काय केलं? शहर झकास बांधलं, तेव्हाच्या मानाने खरंच झकास. मग त्यात ‘पिंक पॅरट’ नावाचा नाइटक्लब उघडला. वर मालकांचेही मालक म्हणून ‘कॉग्नॉस्क’ नावाचे तेजोमय बुद्धिजीवी आणले. मूळ पुस्तकात हे दोन्ही नाही. मालकाचा एकटेपणा हा कणा होता. क्लबात जाणारा कोणी एकटा कसा?

---

शंकासुर

पिंक पॅरट!! खरं सांगताय? गुलाबी पोपट? मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय, म्हणून शोधून बघितलं. आहे. खरंच आहे.

मी काही दिवस या धाग्यावर येत नाही.

---

रानवाट

@चतुर्थांश, पोपटाचा बचाव मीही करणार नाही 😅

पण कॉग्नॉस्कचा करते. मालक स्वतःही कुणाच्या तरी हुकमाखाली आहेत, हा विचार वाईट नाही. टोपीवर टोपी. नीट पेलला नाही, हे वेगळं.

आणि शेवटाबद्दल बोला ना कोणीतरी. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी विल आणि बीनपोल जिवावर उदार होऊन माहिती घेऊन डोंगरात परततात आणि बघतात तर तळ उद्ध्वस्त. संपलं. तिसरं पर्व बीबीसीने केलंच नाही. तेव्हा बीबीसी वनची सूत्रं मायकेल ग्रेड यांच्याकडे होती. तेव्हाच्या पोरांनी पुढच्या वर्षाची वाट बघितली असेल आणि पुढचं वर्ष आलंच नाही. मला विचाराल तर अपघाताने का होईना, इतका कडू शेवट मुलांच्या मालिकेला दुसरा मिळणार नाही. पुस्तकात शेवटी माणसं जिंकतात. सोयीस्कर नाही वाटत?

---

तळटीप

नाही वाटत. रानवाट, तिसरं पुस्तक तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय की जिंकल्यावर मिटवलंय? 😊

जिंकण्याची युक्ती साधी आहे, मान्य. मालकांना दारू सोसत नाही हे योगायोगाने कळतं, म्हणून शहरांच्या पाण्यात ती मिसळायची. तीन शहरं, एकाच वेळी तीन हल्ले. दोन पडतात. पनामाचं तिसरं वाचतं. मग विमानं बांधली तर त्यांची इंजिनं हवेतच बंद पाडली जातात, म्हणून शेवटी फुगे. इंजिनच नाही तर बंद काय पाडणार! फुग्यातून टाकलेले बॉम्ब घुमटावरून घरंगळून बाजूला फुटतात. हेन्री, तोच न पटणारा चुलतभाऊ, आपल्या फुग्यातून घुमटावर उडी मारतो आणि बॉम्ब फुटेपर्यंत तो हातांनी धरून ठेवतो.

आणि त्यानंतरचं प्रकरण बघा. सगळ्या देशांची परिषद भरते. मोकळी डोकी. पहिल्यांदाच मोकळी. आणि ते भांडतात. झेंडे, देश, जुनी वैरं, सगळं जसंच्या तसं परत. परिषद मोडते. विल, फ्रिट्झ आणि बीनपोल आपापले बेत बाजूला ठेवून ठरवतात की आता माणसांना एकत्र आणायचं काम करू. जमेल की नाही, पुस्तक सांगत नाही. हा शेवट सोयीस्कर असेल तर माझी मराठी कच्ची.

मालिकेतला जळलेला तळ शत्रूने जाळला. पुस्तकातली मोडलेली परिषद आपणच मोडली. मला दुसरं जास्त बोचतं.

---

रानवाट

परिषद विसरले होते. खरंच. हेन्रीपाशी रडून पुस्तक मिटलं असणार. आज परत काढते.

---

चतुर्थांश

जाता जाता, तिसरा भाग चित्रांत हवा असेल तर अमेरिकेतल्या ‘बॉईज लाइफ’ मासिकात १९८१ ते १९८६ या काळात अख्खी त्रयी चित्रकथेच्या रूपाने आली होती. फ्रँक बोल यांची चित्रं. म्हणजे पडद्यावर अर्धवट राहिलेली गोष्ट कागदावर पुरी झाली.

आणि चौथं पुस्तक कुणी कसं काढलं नाही? ‘व्हेन द ट्रायपॉड्स केम’, १९८८. मालिका बंद पडल्यावर तीन वर्षांनी ख्रिस्तोफर यांनी आक्रमण झालं कसं याची पूर्वकथा लिहिली. पहिल्यांदा आलेले ट्रायपॉड सैन्य चुटकीसरशी उडवतं, लोक हसतात, यांना लढाईतलं ओ की ठो कळत नाही म्हणतात. मग सुरू होते एक मालिका. टीव्हीवरची. ‘ट्रिपी शो’. बघणारे हळूहळू तिच्या इतके नादी लागतात की घरदार सोडून ट्रायपॉडचे भक्त होतात. पुढे टोपी येते तेव्हा लोक स्वतः ती मागायला तयार असतात.

बीबीसीने ज्यांची गोष्ट अर्ध्यात सोडली, त्या लेखकाने पृथ्वी गमावली ती टीव्हीपायी! योगायोग असेलही. पण मी वाचताना मोठ्याने हसलो होतो.

---

कुंपणावरचा सरडा

हे वाचून कुंपणावरून उतरलो. पहिलं पुस्तक उघडलंय. पहिल्याच वाक्यात गावातली घड्याळं मोजलीयत. चर्चच्या मनोऱ्यावरचं सोडून बऱ्यापैकी वेळ दाखवणारी पाच, त्यातलं एक विलच्या बापाचं. ट्रायपॉडचं नाव नाही. मी अजून दुसऱ्याच पानावर आहे आणि विचार करतोय, ज्या गावात पाचच घड्याळं उरलीत तिथे नक्की काय झालं असेल.

@तळटीप, द्राक्षं किती पानांनी येतात?

---

तळटीप

येतच नाहीत. वाचा निवांत.